पुढे काका, मागे काकू: मिशिगनच्या तळ्यांकाठी खडीच्या वाटेवर

जूनमधल्या एका रविवारी सुधाकाकू आपली निळी सायकल ढकलत आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "ही आता तू चालव. मला समोरचं दिसेनासं झालंय."

काकू आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्याच, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. वय सत्तरीच्या आसपास. पुण्यात कॉलेजात असताना सायकलच्या शर्यती जिंकलेल्या आणि इथे येऊनही बर्फाचे महिने सोडले तर रोज सायकलवर. त्यांच्या डोळ्यांचा आजार असा विचित्र, की नजरेच्या मधोमध धुरकट डाग आणि कडेचं सगळं बऱ्यापैकी स्वच्छ. काकू हे सगळं हसत सांगत होत्या, पण सायकलचं हँडल काही सोडत नव्हत्या.

ते बघून मी म्हटलं, "काकू, दोघांची सायकल असते ना, टँडम? मागे बसणाऱ्याला समोरचं बघावं लागत नाही."

"आणि पुढे कोण बसणार?"

पुढे अर्थातच अरविंदकाका. काका भूल देणारे डॉक्टर होते. आता रिटायर झालेत, पण समोरच्याला झोपवायची कला अजून शाबूत आहे. सायकलशी मात्र त्यांचं लग्नाआधीपासून वाकडं. आठवडाभर "मी? या वयात?" चाललं, मग एका संध्याकाळी स्वतःच ऑनलाइन जाहिरात शोधून जुनी टँडम घेऊन आले. महिनाभर शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सराव झाला. मागून काकूंचा आवाज येई, "अहो, मान सैल सोडा. पेशंट तुम्ही नाही आहात."

आता वाटेविषयी, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच वाचत असणार. उत्तर मिशिगनमध्ये गेलॉर्डपासून मॅकिनॉ सिटीपर्यंत जुना रेल्वेमार्ग उखडून त्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. साधारण साठ मैलांची वाट, उन्हाळ्यात एकही मोटार नाही, वाटेत तळी आणि नदी. आगगाडीसाठी केलेली असल्यामुळे चढ असे नाहीतच. एकच सल्ला देते, दक्षिणेकडून उत्तरेकडे जा. गेलॉर्ड उंचावर आहे, त्यामुळे वाट हळूच आपल्याला पुढे ढकलत राहते. टायर जरा रुंद हवेत. बारीक रेसिंगचे टायर खडीत रुततात.

ट्रॉयहून गेलॉर्ड गाडीने साडेतीन-चार तास. टँडम टपावर बांधली तेव्हा आमची गाडी लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखी दिसत होती. माझा नवरा नितीन सायकल चालवणार नव्हता. "कोणीतरी सामान घेऊन पुढे जायला हवं ना यार," असं म्हणत त्याने तळ्याकाठी खुर्ची टाकून पडून राहायची जबाबदारी त्यागपूर्वक स्वीकारली. विनोद बाजूला ठेवा, असा एक माणूस बरोबर असेल तर सहल फार सोपी होते.

पहिल्या दिवशी दुपारी गेलॉर्डहून निघालो. मी काकूंच्या निळ्या सायकलवर मागे, काका-काकू पुढे. पाइनच्या झाडांचा वास, चाकाखाली खडीची बारीक कुरकुर आणि काकांच्या घोषणा. "खड्डा! फाटक! माणूस! कुत्रा, पण बांधलेला!" काकू शांतपणे पेडल मारत होत्या. वुल्व्हरिन नावाच्या इवल्याशा गावात थांबलो तर काकांचे दोन्ही हात हँडलच्या आकारात आखडलेले. नितीनने ते एकेक बोट करून सोडवले.

त्या दिवशीची सायकल वुल्व्हरिनलाच संपवली आणि नितीनच्या गाडीने मुक्कामाला पुढच्या इंडियन रिव्हर गावी गेलो. काकांनी मोटेलच्या बाईंना सांगितलं, "वुई आर द ओरिजिनल इंडियन्स." बाई हसल्या. बहुधा हा विनोद त्यांना नवा नसावा. इकडे उन्हाळ्यात मोटेलं लवकर भरतात, आधी बुकिंग करा. शाकाहारी असाल तर चीझ पिझ्झा आणि पास्टी हे दोनच तारणहार. पास्टी म्हणजे बटाटा-भाज्या भरलेली, तळहातापेक्षा मोठी भाजकी करंजी. मात्र विचारून घ्या, बहुतेकींच्या पोटात बीफ असतं. आम्ही काकूंच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांवर भागवलं. आणि डासांचं औषध विसरू नका. इथले डास नातेवाइकांसारखे प्रेमाने भेटतात.

दुसऱ्या दिवशी वुल्व्हरिनला परत जाऊन सुरुवात केली. बराच वेळ स्टर्जन नदी सोबतीला होती. इंडियन रिव्हर मागे पडल्यावर उजव्या हाताला मलेट लेक उघडलं. एवढं पाणी, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती पेन्सिलची रेघ. आणि तिथेच, एका वळणावर, मऊ खडीत टँडमचं पुढचं चाक घसरलं.

पडले तसे हळूच. काका गुडघ्यावर, काकू कडेच्या गवतात. काकू लगेच उठून चष्मा चाचपडत होत्या. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. काकांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ते तिकडे बघतच नव्हते.

"झालं. पुरे," काका म्हणाले. "नितीनला फोन कर."

फोनला रेंज नव्हती.

"अहो, खरचटलंय फक्त," काकू म्हणाल्या.

"तुझं डोकं दगडावर आपटलं असतं तर? मला नाही जमत सुधा. सारखं वाटतं, माझ्या हातून तुला काहीतरी होईल."

काकू म्हणाल्या, "डोळे जायचे ते जातायत. त्यात तुमचा हात नाही. पण ते जाईपर्यंत मला घरात बसवून ठेवू नका."

मी गुपचूप गुडघा धुवायला पाणी काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देऊन भूल देणारा हा माणूस काकूंच्या बाहीवरचं गवत एकेक काडी करून काढत होता.

पुढच्या गावापर्यंत, टॉपिनबीपर्यंत, चालत जायचं ठरलं. काका सायकल ढकलत होते, काकूंचा हात मागच्या सीटवर. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "बगळा बघा, केवढा."

"कुठे?"

"तो काय, लव्हाळ्यात. निळसर करडा. आणि आत्ता गेला तो लाल छपराचा धक्का, त्याला पिवळी होडी बांधलेली होती. सकाळी नदीत एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मासे पकडत होता."

काका थांबले. "मला यातलं काहीच दिसलं नाही."

"तुम्ही सारखे समोर बघत होता."

"तुला एवढं सगळं दिसतं?"

"कडेचं दिसतं," काकू म्हणाल्या. "समोरचं तुम्ही बघा."

काका बगळ्याकडे बघत राहिले. बगळा उडाला, तळ्यावरून खाली खाली जात दिसेनासा झाला. मग त्यांनी सायकल सरळ केली, पँट झटकली आणि म्हणाले, "बस." टॉपिनबीला नितीन पाण्यात पाय सोडून बसला होता. टँडम येताना बघून त्याने दोन्ही हात वर केले. काकांच्या गुडघ्याला बांधलेला रुमाल त्याला नंतर दिसला.

तिसऱ्या दिवशी शबॉयगन ओलांडून मॅकिनॉ सिटी. शेवटचा टप्पा लांब वाटतो, कारण शबॉयगननंतर वाट सरळसोट आहे आणि वारा समोरून येतो. इकडे जागोजागी फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेली नावं आहेत. लिहायचं मॅकिनॅक, म्हणायचं मॅकिनॉ. काकांनी त्यावर व्याख्यान सुरू केलं आणि काकूंनी मागून पेडल जोरात मारून ते बंद पाडलं. मग झाडं संपली, दोन महासरोवरांना जोडणारी सामुद्रधुनी समोर आली आणि तिच्यावरचा तो प्रचंड झुलता पूल. समोर बघितला तर काकूंना तो पुसट. त्या मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, मन भरेपर्यंत तो बघत राहिल्या. काका गर्दीतून वाट काढत फज, म्हणजे इथली चॉकलेटची बर्फी, घेऊन आले.

घरी येऊन आता दोन महिने झाले. सहल तीन दिवसांची, थकवा आठवडाभराचा. माझ्या पोटऱ्या तक्रार करून थांबल्या आणि नितीन "आमची सायकल ट्रिप" असं सांगत फिरतो. जमलं तर नक्की जा. सप्टेंबरात डास कमी असतात म्हणे.

गेल्या आठवड्यात काकूंच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा आणखी बिघडलाय. मी भाजी घेऊन गेले. दोघं नुकतीच टँडमवरून फिरून आली होती. काका हेल्मेट काढत होते.

"यांना रोज गृहपाठ देते," काकू म्हणाल्या. "परत आल्यावर वाटेत काय काय बघितलं ते मला सांगायचं. कडेचं राहील म्हणतात डॉक्टर, पण आपण तयारीत असलेलं बरं."

"आज काय सांगितलं?" मी विचारलं.

काकूंनी काकांकडे मान वळवली. काका जरा लाजले. मग घसा साफ करून म्हणाले, "कोपऱ्यावरच्या मेपलची एक फांदी लाल झालीये. एकच. बाकी सगळं झाड अजून हिरवं आहे."