एका वेळी एकच शब्द

हिंगणघाटच्या सायबर कॅफेत एक काका दर शनिवारी माझ्या शेजारी बसत. बहिणीने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा विकायला त्यांनी वेबसाइट केली होती, पण गूगलवर शोधल्यावर ती सातव्या पानावर सापडे. दर आठवड्याला ते तिच्यातला एकच शब्द बदलत आणि वहीत पानाचा आकडा लिहीत.

"काका, सगळं एकदमच बदलवा ना," मी भीत भीत म्हणालो.

"मंग फरक कायनं पडला, हे कसं समजन बापू?"

'वाकळ'च्या जागी 'गोधडी' लिहिल्यावर वेबसाइट दुसऱ्या पानावर आली. पहिली ऑर्डरही आली. काका मात्र पुन्हा 'वाकळ' टाइप करू लागले.

"आता काऊन? गिऱ्हाईक गेलं तं?" मी विचारलं.

"एक हप्ता जाऊ दे. खाली गेली तं पक्कं, 'गोधडी'नंच वर आलती."

क्लास, गाइड, नवस, सगळं एकदमच करून मी बारावी पास झालो होतो. पण कशाने झालो, हे तपासायची हिंमत मला झाली नव्हती.