दहावीच्या मापाचा शर्ट

सोळा वर्षांची पोर हातानं बाह्या लावतेय आणि डोक्यानं भलतीकडेच हिंडतेय, तर तिला तुम्ही काय म्हणाल? कामचुकार म्हणाल ना? म्हणा. सुपरवायझरही तेच म्हणायचा. पण एकदा तिच्या जागेवर बसून बघा. एक बाही, मग तशीच दुसरी, मग पुन्हा तशीच, दिवे लागेपर्यंत तेच. मग सांगा तुमचं डोकं तिथं किती वेळ टिकलं.

या पोरीचं टिकायचं नाही. शाळेचे गणवेश शिवणारी ती लांबलचक पत्र्याची शेड. एका ओळीत मशीनं आणि प्रत्येक मशीनला एकच काम. कॉलरवाली फक्त कॉलर लावणार, काजवाली फक्त काजं करणार. अख्खा शर्ट म्हणून कुणाच्याच हातून उतरत नाही. बाहीची मशीनं दोन. एकावर पोरीची आई, तिला सगळे बाहीवालीच म्हणायचे, आणि तिच्या मागच्या मशीनवर ही पोर. नववीनंतर दप्तर खुंटीला लागलं आणि ही इथं आली. फाटकावर कुणी विचारलं तर अठरा सांगायचं, हे सुपरवायझरनंच पढवलेलं.

बायका तिला ‘विमान’ म्हणायच्या.

“उतरलं का गं विमान?” कॉलरवाली विचारायची.

“कुठलं उतरतंय. घिरट्या घालतंय अजून,” काजवाली म्हणायची.

“घालू दे घिरट्या,” आई मान वर न करता म्हणायची. “पेट्रोल माझ्याच डब्यातलं जातंय.”

विमान उडून जायचं कुठं, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. ते जायचं शेडच्या फाटकापर्यंतच. तिथं एक काळी गाडी येऊन थांबायची आणि तिच्यातून ही स्वतःच उतरायची. माल तपासणारी मोठ्या दुकानाची मॅडम होऊन. उंच टाचांचे बूट, केसांवर सरकवलेला गॉगल, हातात फाईल. गाडीच्या दुसऱ्या दारातून आई उतरायची, तिलाही गॉगल. सुपरवायझर धावत यायचा. मॅडम म्हणायची, “बसा मशीनवर. लावा बाही.” तो बसायचा, घाम पुसायचा आणि बाही स्वतःच्याच शर्टाच्या टोकाला शिवून ठेवायचा. अख्खी लाइन पोट धरून हसायची. मग मॅडम म्हणायची, “उसवा. परत लावा.”

यात कुणाचं काय जात होतं? काही नाही. तो दिवस येईपर्यंत खरंच काही गेलं नव्हतं.

आईचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला, मशीनच्या स्टुलात. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. बसून पायडल दाबणं तिला जमायचं, उभं राहणं जमायचं नाही. आणि शेडच्या टोकाला होतं धाग्याचं टेबल. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे तिथं कात्रीनं कापायचे, सकाळपासून सुटीपर्यंत उभ्यानं. त्या टेबलावर गेलेली बाई परत मशीनवर आलेली कुणी पाहिली नव्हती. म्हणून आईची टीप कधी वाकडी जायची नाही आणि पोरीला तिनं एकच मंत्र दिला होता. बाहीच्या कडेला खुणेचे छोटे कट असतात. “एक कट छातीकडे, दोन कट पाठीकडे. झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे.”

“झोपेतच विचार,” कॉलरवाली म्हणाली. “जागेपणी ती असते कुठं?”

त्या दुपारी पोरीनं डबा ठेवायला बाह्यांचे दोन ढीग बाजूला सरकवले. जेवण झालं, डबा उचलला, ढीग परत ओढले, ते नेमके डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. खुणा बघितल्या असत्या तर कळलं असतं. पण तेव्हा गाडी फाटकाशी आली होती, आणि त्या दिवशी मॅडम सुपरवायझरकडून कॉलरही लावून घेणार होती. हात चालत राहिले. मशीन शिवता शिवता कडा कापत जातं, त्यामुळे कटही कापून गेले. हँगरवर लावलेला शर्ट बघून कुणाला काही खटकलं नाही. तिचा दुपारचा सगळा माल तसाच पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी मॅडम आली. ती गाडीतून आली नाही. स्कूटरवरून आली, हेल्मेटनं केस चपटे झालेले, सर्दीनं नाक लाल. तिनं गठ्ठ्यातून एक शर्ट ओढला, घडी घालून बघितली, ती बसेना. परत घातली.

“कुणीतरी अंगात घालून दाखवा हा,” ती म्हणाली. दहावीच्या मापाचा शर्ट. कुणाला बसणार? तिनं ओळीवर नजर फिरवली. “तू ये. तू बारीक आहेस.”

पोर उठली. कुर्त्यावरूनच शर्ट चढवला, बटणं लावली.

“हात वर कर.”

हात वर गेले तसा शर्ट छातीवर करकचून ओढला गेला. बाही काखेत रुतली.

“पुढं कर. हां. बाह्या उलट्या लावल्यात. उजवीची डावीकडे.” मॅडमनं नाक पुसलं आणि गठ्ठ्यातला आणखी एक शर्ट काढला, मग आणखी एक. “सगळेच. हे काम कुणाचं?”

मशीनं एकेक करून थांबली. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं, बाह्यांपेक्षा वाईट ते दिसलं. पांढरा शर्ट, गळ्याशी लावलेलं बटण, पाठीवर वेणी. पाठीला दप्तर तेवढं नव्हतं. इतके दिवस अठरा, अठरा करून जी झाकून ठेवली होती, ती दहावीतली मुलगी शेडच्या मधोमध हात पुढं करून उभी होती.

मॅडमलाही दिसलं. शर्टावरची नजर तिच्या तोंडावर गेली. “तुझं वय काय गं?”

सुपरवायझरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. याच जागेवर, याच माणसांसमोर पोरीनं मनात किती भाषणं ठोकली असतील. आता ‘अठरा’ एवढा एक शब्दसुद्धा फुटेना.

“बाह्या माझ्या आहेत, मॅडम.”

आई उभी राहिली होती. एक हात मशीनवर टेकलेला.

“माझंच काम ते. डोळ्यांनी दगा दिलाय हल्ली. डावं-उजवं समजत नाही.”

मॅडम वळली. “मग यांना मशीनवर कशाला बसवता हो?” ती सुपरवायझरला म्हणाली आणि त्याला फैलावर घेतलं. वयाचा प्रश्न तिथंच राहिला. ती विसरली की तिनं विसरायचं ठरवलं, ते तिचं तिलाच माहीत.

संध्याकाळपर्यंत बायका बाह्या उसवत बसल्या. सुटीच्या वेळी सुपरवायझर आईजवळ आला. “मावशी, उद्यापासून टेबलावर.” आई फक्त “बरं” म्हणाली.

घरी जाताना पोर म्हणाली, “मी सांगते त्यांना खरं.”

“काय सांगशील? सोळाची आहे म्हणून सांगशील? मग दोघी घरी बसू आणि भिंती चाटू.”

“पण तुझी चूक नव्हती.”

“तुझे ढीग मी बघायला हवे होते. माझी मान मागं वळत नाही, ही चूक. चल आता, पाय ओढू नकोस.”

पाय खरं तर आईच ओढत होती.

दुसऱ्या दिवशी पोरीनं तरीही सांगितलं. सुपरवायझरच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, “साहेब, त्या बाह्या मी लावल्या होत्या.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तुझ्या आईची टीप मी डोळे मिटून ओळखीन.”

“मग तिला परत मशीनवर बसवा.”

“आणि मॅडमना काय सांगू? तुझं नाव सांगितलं की त्या पुढचं विचारतील. तुला इथं मीच घेतलंय ना. काहीतरी केल्याचं दिसावं लागतं, बाई. आणि खरं सांगू का, तुझा हात ताजा आहे. ती आज ना उद्या टेबलावर जाणारच होती. तिचं मशीन चांगलं आहे, त्यावर तू बस.”

बघा, माणूस वाईट बोलला का? आवाजसुद्धा चढवला नाही. आईच्या लाखमोलाच्या लबाडीवर स्वतःची खुर्ची वाचवली आणि पोरीला बक्षीस दिल्याचा आवही आणला.

आईच्या स्टुलावर बसून पोरीनं गाडी आणायचा प्रयत्न केला. गाडी आली. पण गॉगलवाल्या मॅडमनं फाटकातून आत पाऊल टाकलं की शेडच्या टोकाकडून कात्री वाजायची, आणि मधेच थांबायची. थांबली की पोरीला कळायचं, आई आता भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतेय. मॅडम तिथंच विरघळून जायची.

एका दुपारी तिनं मशीन बंद केलं, बुडाखालचं स्टूल उचललं आणि अख्खी लाइन ओलांडून ते टेबलाशी नेऊन ठेवलं.

“बस.”

“परत ने,” आई दबक्या आवाजात म्हणाली.

“बस ना, आई.”

“नेतेस की थोबाड फोडू?” आईची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. नजर स्टुलावर होती, पण ती बसली नाही. बाह्या थांबल्या तशी पुढची मशीनंही रिकामी फिरायला लागली.

“विमान कुठं निघालं?” सुपरवायझर मागून म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही. त्यानं स्टूल उचलून परत मशीनमागे ठेवलं. “हे मशीनचं आहे. टेबलाला स्टूल नसतं.”

“का नसतं?” कॉलरवालीनं कॉलरीवरची नजर न काढता विचारलं.

“बसलं की हात मंदावतो.”

“आम्ही बसूनच तर शिवतो. आमचा मंदावलाय का?”

त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. पोर मशीनवर बसली.

पुढं चहाच्या सुट्टीत कॉलरवाली, काजवाली आणि पोर धाग्याच्या टेबलासाठी स्टूल मागायला त्याच्याकडे गेल्या. त्यानं हात वर केले. “दुकानवाले म्हणाले तर ठेवू. मला कशाला अडवता? माल त्यांचा, नियम त्यांचे.”

आई आजही उभीच आहे. घरी आली की आडवी पडून पाय भिंतीला वर लावते आणि पोर पोटऱ्या चोळायला लागली की म्हणते, “माझं सोड. कट बघून लावलेस का आज?”

तर हे सगळं दुकानवाल्यांपाशी येऊन अडलंय आणि दुकानवाल्यांशी बोलायची सोय त्या बायकांना नाही. तुम्हाला आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी पोरांना घेऊन गणवेश घ्यायला जाल, माप विचाराल, भाव कराल. तेव्हा काउंटरवर आणखी एक गोष्ट विचारा. या शर्टांचे धागे कापणाऱ्या बायांना बसायला स्टूल आहे का? काउंटरवरचा माणूस म्हणेल माहीत नाही. मग मालकाला बोलावून घ्यायला सांगा, आणि मालक उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.