नव्वद दिवसांचा बिल्ला

फोन मीच केला होता. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका कुठे भरतात, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या गृहस्थांनी इथल्या हिंदीत प्रेमाने विचारलं, "दीदी, भैया कब से पी रहे हैं?" शाळेत चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी, पण त्यांची चूक सुधारली नाही. मी म्हणाले, "छह साल से." ती सहा वर्षं माझी होती. नवरा सुपारीसुद्धा खात नाही.

प्यायला मी घरातच शिकले. नवरा सरकारी दफ्तरात. दिवाळीला ठेकेदार बाटल्या आणून देत, तो त्या पाहुण्यांसाठी कपाटात रचून ठेवी. पाहुणे यायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या बाटल्या मी संपवल्या, मग स्वतः आणू लागले. यकृताला सूज आहे, आता थांबला नाहीत तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं तेव्हा मी घाबरले. खरंच घाबरले. म्हणून तो फोन.

बैठक शहराच्या जुन्या भागात, बूढापाऱ्यात, एका जुन्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत, रविवारी दुपारी. एक खोली पिणाऱ्यांची, दुसरी त्यांच्या घरच्यांची. नवरा मला स्कूटरवरून सोडायला आला होता. दारातच पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ पुढे आले, त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला, "आइए भैया, बड़ी हिम्मत का काम किया" म्हणाले आणि त्याला आत नेलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला शेजारच्या खोलीत बायकांमध्ये बसवलं आणि चहा दिला.

घरी परतताना विचारलं, आत काय सांगितलंत?

"मी पेतो म्हनून सांगितलं. मंग काय, बायको पेते म्हनून सांगू? मानूस पेला त कोनाले नवल वाटत नाही. तुह्या शाळेत समजलं त नोकरी राहीन काय?"

मला त्याचा राग आला, आणि त्याचे उपकारही वाटले. उपकार वाटले याचा राग आजही येतो.

असे रविवार सुरू झाले. बायकांच्या खोलीत मी माझ्याच करामती नवऱ्याच्या नावावर सांगायची. तांदळाच्या डब्यात दडवलेली बाटली. वेलची चघळत कामावर जाणं. भाचीच्या लग्नात सगळ्यांदेखत तोल जाणं. रेल्वेतल्या एका फिटरची बायको, मूळची वर्ध्याकडची, माझा हात धरून बसायची. "कसं सहन करून राहिल्या वो ताई तुमी?" म्हणायची आणि स्वतःच रडायची. माझंही रडू खरं होतं. बाकी सगळं खोटं, आणि खोट्या दुखण्यावर कोण काय इलाज सांगणार?

मी अकरा दिवस थांबले, बाराव्या दिवशी प्यायले. पुन्हा चार दिवस थांबले, पुन्हा प्यायले. तिकडे नवऱ्याचे दिवस मात्र एकही न चुकता वाढत होते. वाढणारच, त्याला कसले आलेत कष्ट! शिवाय त्याला ते आवडायला लागलं होतं. तो बोलला की माणसं माना डोलवत, नव्याने आलेल्यांना त्याचं उदाहरण देत. दफ्तरात त्याचं कोणी एवढं ऐकत नसावं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तोच मला घाई करायचा.

नव्वद दिवस झाले की तिथे बिल्ला देतात. रीत अशी, की घरच्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने तो द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. त्या रविवारी दोन्ही खोल्यांतली माणसं एकत्र बसली. मी सकाळी अकराला प्यायले होते. पितळेचा, नाण्याएवढा बिल्ला माझ्या हातात ठेवला गेला. नवरा समोर येऊन उभा राहिला, त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"ये नहीं पीते," मी म्हणाले. "इन्होंने कभी नहीं पी. पीती मैं हूँ. आज सुबह भी पी है."

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. नवरा चटकन सगळ्यांकडे वळून म्हणाला, "इनकी तबीयत ठीक नहीं है." फिटरच्या बायकोने माझ्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मला ते फार लागलं. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी पिणाऱ्यांच्या रांगेतली एक खुर्ची पुढे ओढली आणि "बैठिए" एवढंच म्हणाले. मी बसले. बिल्ला त्यांना परत दिला.

बैठक संपल्यावर बाहेर आले तेव्हा नवरा स्कूटरजवळ उभा होता.

"तीन महिने मी त्या दारुड्यायमंदी बसलो, तुह्यासाठी," तो म्हणाला. "अन् तू सगळ्यायसमोर माही इज्जत काढली."

"तीन महिन्यात एकदा तरी मले विचारलं तुम्ही, आज पेली का म्हनून?"

त्याने स्कूटरला किल्ली लावली. "विचारलं असतं त खरं सांगितलं असतं तू?"

"नाही," मी म्हणाले. "पन विचाराचं होतं."