एक दिवसाआडचं इंजेक्शन

वॉर्डात पाठवण्याआधी आम्हा एमबीबीएसच्या मुलामुलींची रक्ततपासणी झाली. काविळीची लस लागू पडलीय का आणि बी-ट्वेल्व्ह, डी ही जीवनसत्त्वं पुरेशी आहेत का, ते बघायचं होतं. आमच्याकडे जोड्या करून एकमेकांचं रक्त काढायची पद्धत. माझ्या डोळ्यांदेखत जोड्या लागल्या आणि मी बाही वर करून तशीच उभी. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "ये गं, तुजं मी काढते."

मला प्रवेशच शेवटच्या फेरीत मिळाला. बारामतीत पोचले तोवर खोल्या, बाकं, मैत्रिणी, सगळं वाटून झालं होतं.

रिपोर्ट आला. काविळीविरुद्ध अँटिबॉडी भरपूर. तिला मी पुरून उरले असते. बी-ट्वेल्व्ह मात्र पार तळाला. रिपोर्ट बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अंडी-मटण खातेस ना? मग असं कसं?"

काय सांगणार, कपाळ? भवानीनगरला कारखान्याच्या चाळीत कुणी एकट्यानं जेवत नसे. भूक लागली तरी वडील येईपर्यंत आई म्हणायची, "थांब, तात्यास्नी येऊ दे." इथं एकटीनं जेवताना कुणी बघू नये म्हणून मी मेसमध्ये सगळे उठल्यावर जायची. तोवर अंडाकरीतली अंडी संपलेली असत. रस्सा-भात गिळायचा आणि खोलीवर यायचं. दूध तर आईनं किती बजावलं तरी मी तोंडाला लावत नव्हते.

एक दिवसाआड इंजेक्शन सुरू झालं. सिस्टर दंडावर कापूस चोळत विचारायच्या, "जेवलीस का? काय होतं आज?" मी लांबड लावून सांगायची. शेपूची भाजी होती, हेसुद्धा मीठमसाला लावून. भाजी मला आवडत नाही म्हटलं की त्या लटकं रागवायच्या. दिवसभरात मी तेवढीच बोलायची. औषध झोंबायचं, पण मी वेळेआधीच दारात हजर असायची.

मग एके दिवशी सुई काढून त्या म्हणाल्या, "झालं बघ, संपलं तुजं. आता न्हाय यायचं हितं. आता गोळ्या, त्या खोलीवर घ्यायच्या."

त्यांना वाटलं, मला आनंद होईल. मी हसलेही. बाही खाली केली, पण पाय निघेना. मागची मुलगी आत आली, तेव्हा सिस्टर तिला म्हणाल्या, "ये, बस. जेवलीस का?"

बरी झाल्याचं एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.