रेनीआजोबांचा पहिला प्रश्न

रेनीआजोबांची आणि माझी पहिली भेट १९९९ साली माझ्या फार्मसीच्या काउंटरवर झाली. ते हृदयाच्या गोळ्या न्यायला आले होते. शाळा सुटल्यावर माझी मुलगी मुक्ता तिथेच अभ्यास करत बसे. गोळ्यांची बाटली घरंगळली आणि मुक्ताने वहीतून मान वर न करताच ती झेलली. आजोबांनी आपली दहाही वाकडी बोटं काउंटरवर टेकवली आणि मला सांगितलं, ही मुलगी गोलकीपर आहे, शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर पाठवा. मी आधी टाळाटाळच केली. मी मुळात भित्रा माणूस.

आम्ही परदेशी येऊन वसलो त्या रोटोटुना उपनगरातल्या मैदानावर आपल्या मराठी घरांतली किती मुलं त्यांच्या हाताखाली तयार झाली, हे या गौरवअंकाच्या वाचकांना सांगायला नको. स्वतःच्या कारकिर्दीबद्दल मात्र ते फारसं बोलत नसत. दोन महायुद्धांच्या मधला काळ, स्कॉटलंडमधलं कोळशाच्या खाणीचं गाव. आठवडाभर खाणीत राबायचं आणि शनिवारी दुपारी लोकरी स्वेटर घालून गोलमध्ये उभं राहायचं. पावसात भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू अंगावर घ्यायचा. अशी दहा वर्षं ते खेळले.

त्यांची एक रीत आहे. हातमोजे घालण्याआधी गोलकीपरने त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंच: आज कशाची भीती वाटते? 'नथिंग' म्हणणाऱ्याला ते बाकावर बसवतात. खरं उत्तर मिळालं की म्हणतात, "गुड. ग्लोव्हज ऑन." मुलांच्या मनातली भीती कशाला उकरून काढायची, असं मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी पुढच्या मुलाला तोच प्रश्न विचारला.

मग तो उपांत्य सामना आला. मुक्ताचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. ती उठली, "आय'म स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत 'मी एकदम ठीक', असं म्हणाली, आणि मी काठावरून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात नव्वदीला टेकलेले आजोबा काठी टेकत थेट मैदानात शिरले. ते गोलसमोर उभे राहिले आणि मुक्ता बाहेर जाईपर्यंत हलले नाहीत. पंच संतापले, पालक चिडले. सगळ्यांत वरचा आवाज माझा होता.

"ती ठीक आहे म्हणतेय ना? तुम्ही कोण ठरवणारे?"

आम्ही सामना हरलो. परतताना गाडीत मुक्ताने मला तीनदा विचारलं, "बाबा, हू वन?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गाडी हॉस्पिटलकडे वळवली. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. आणखी एक फटका बसला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. ते इथे लिहायला माझा हात धजत नाही. रोज लोकांना औषधं देणारा मी, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा तिला बघायला आले. मी त्यांची माफी मागितली. तेव्हा त्यांनी आपली कारकीर्द कशी संपली ते सांगितलं. एका सामन्यात डोक्याला बूट लागला. त्या काळी बदली खेळाडू नसत. ठीक आहे म्हणून ते उभे राहिले आणि एकाचे दोन चेंडू दिसत असताना उरलेला सामना खेळले. पुढचेही चार खेळले. मग एका सकाळी सख्ख्या भावाचं नाव त्यांना आठवेना.

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले, "पण कोणी विचारलंच नाही."

मुक्ता बरी झाली, पुन्हा खेळू लागली. आता येत्या बुधवारी आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. नव्वदावं वर्ष आणि अशक्त हृदय. भूल देण्यात काय धोका असतो, हे माझ्या व्यवसायामुळे मला नको तितकं ठाऊक आहे. परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुक्ताने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, पुन्हा जाग येणार नाही याची.

"गुड," मुक्ता म्हणाली. "ग्लोव्हज ऑन."

हा अंक मंगळवारी त्यांच्या हाती द्यायचा आहे. रेनीआजोबा, तुमच्या नियमाप्रमाणे मीही सांगून टाकतो: मला फार भीती वाटते आहे. तुम्ही शंभरी पार करावी, धडधाकट राहावं आणि एखाद्या शनिवारी सामना ऐन रंगात असताना पुन्हा काठी टेकत मैदानात शिरावं. या वेळी मी तुमच्यावर ओरडणार नाही.