परशुभाऊंचा अनंत

कल्याणात आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. कचेरीतले कारकून परशुभाऊ यांना लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून वासच येत नसे. चुलीवर दूध करपलं तरी हे शेजारी बसून खुशाल पान लावत. पण तळ्याकाठच्या शंकराला रोज फुलं जात ती यांच्याच परसातल्या अनंताची. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, आणि या नाकापासून फुलांना काही भय नव्हतं! आळीत म्हणत, देवानं भक्ती नाही पाहिली, नाक पाहून माणूस नेमला.

झाड मात्र वाढवलं त्यांच्या बायकोनं, गंगुबाईंनी. मुळाशी आंबट ताक ओतायच्या. "आम्हाला पाणी घातलेलं, आणि अनंताला घट्ट!" परशुभाऊ कुरकुरत. कळ्यांवरच्या मुंग्या बाई झाडायच्या त्या नाकाला पदर लावून. वारा थोडाच शास्त्र विचारून येतो? पण वाकून वास त्यांनी कधी घेतला नाही.

मग बाईंना ताप भरला तो उतरेना. वैद्यांनी हात टेकले. त्या सोमवारी झाडावर फूल एकच. परशुभाऊ ते परडीत घेऊन निघाले, तोच अंथरुणातून हाक आली.

"अहो, जवळून कसा येत असेल हो याचा वास?"

परशुभाऊ उंबऱ्यात थांबले. मग मागे फिरून त्यांनी फूल तिच्या नाकाशी धरलं.

"अहो, देवाचं ना ते!"

"त्याला मी सांगतो. तू घे."

तिनं डोळे मिटून वास घेतला. नवऱ्याला आयुष्यात एकच वास आठवतो, त्याची आई लोणी कढवायची तेव्हाचा, हे तिला ठाऊक होतं.

"अगदी ताज्या तुपासारखा," ती म्हणाली.

फूल उशाशी ठेवून परशुभाऊ रिकामी परडी घेऊन देवळात गेले आणि झालं ते सांगितलं.

रघु गुरव म्हणाला, "आणायचं होतंत की तसंच! कुणाला कळणार होतं?"

"तुला नाही रे सांगत, त्याला सांगतोय," परशुभाऊ पिंडीकडे बघून म्हणाले.

फुलांचा मान दुसऱ्या घरी गेला. बाई त्याच आठवड्यात गेल्या.

श्रावणात झाड फुलांनी पांढरं झालं. परशुभाऊ परडी घेऊन ओटीवर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात फूल ठेवत. "आधी वास घ्या बघू. तुपासारखा येतो ना?"

आमच्या आळीनं थट्टेतून कुणाला सोडलं नाही, मी तर नाहीच नाही. आणि अनंताला कुठला आलाय तुपाचा वास! पण प्रत्येक जण फूल हुंगून म्हणे, "येतो हो परशुभाऊ. अगदी ताज्या तुपासारखा."