खात्रीसाठी दुसरी प्लेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्या बाईंच्या हाताखाली काम शिकले त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही. दुपारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले होते, पाण्यावर ऊन हलत होतं, आणि वाटलं, आता बोलून टाकावं.

माझं काम जंतूंचं. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी औषधांना दाद न देणारे जंतू शोधते. रोग्याच्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत — आम्ही प्लेट म्हणतो — पसरायचे, वर औषध लावलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या ठेवायच्या. रात्रभर उबेत राहिलं की सकाळी जंतूंची साय धरते, आणि जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळं, स्वच्छ वर्तुळ उमटतं. किती सुंदर दिसतं ते! अजूनही झोपेत मला ती वर्तुळं दिसतात, एकामागून एक, संथ.

त्या मंगळवारी एका चकतीभोवती वर्तुळच नव्हतं. साय थेट चकतीला भिडलेली.

प्लेट गंगाक्कांची होती. गडहिंग्लजच्या पुढच्या एका खेड्यात म्हशी राखणारी बाई. वैरण आणताना उसाचा खुंट पायात घुसला, पाय सुजला, ताप उतरेना. आणि ती चकती नेमकी त्यांना वॉर्डात चालू असलेल्या औषधाची. म्हणजे औषध फुकट जात होतं. वरच्या मजल्यावर डॉक्टरांना एक फोन करायचा, बस्स.

नाही केला. का? — सांगते, जरा थांबा. प्रत्येक औषधाच्या चकत्यांची वेगळी बाटली असते, ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उन्हाळ्यात बाहेर राहिली तर औषधाचा जोर जातो, मग वर्तुळ उमटत नाही. आणि शनिवारी याच औषधाची बाटली मीच टेबलावर विसरले होते. सोमवारी दिसली तेव्हा टाकून द्यायला हवी होती. पण नवी उघडायची तर रजिस्टरात कारण लिहावं लागतं... मी तीच वापरली. आता जंतू खरंच चिवट, की माझी बाटली वाया गेलेली? फोन केला तर बाटलीचं सांगावं लागणार. विभागात वेंधळी म्हणून हसले असते, दुसरं काय? एवढ्यासाठी. मी गुपचूप नवी बाटली फोडली आणि दुसरी प्लेट लावली.

दाराशी गंगाक्कांचे यजमान, अप्पा, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "म्याडम, रिपोर्ट आला काय वो?"

"अजून नाही, अप्पा. उद्या येईल."

"बरं. तुमी बगताय न्हवं, मग झालं की."

बुधवारी दुसऱ्या प्लेटवरही वर्तुळ नव्हतं. पहिली प्लेट खरी होती. मी फोन केला, औषध बदललं, आणि त्याच संध्याकाळी गंगाक्का गेल्या. आदल्या दिवशी बदललं असतं तर वाचल्या असत्या? कुणास ठाऊक — या 'कुणास ठाऊक'च्या आड मी बरीच वर्षं लपले. आता लपत नाही.

तो जंतू माझ्या पीएचडीच्या प्रबंधात गेला. तिथे मी लिहिलं, 'खात्रीसाठी चाचणी पुन्हा केली.' परीक्षकांनी चोख कामाचं कौतुक केलं. नव्या मुलींना मी हेच शिकवते, अगदी सरळ चेहऱ्यानं. तो जंतू अजून आमच्या डीप फ्रीजरमध्ये झोपलेला आहे. दार उघडलं की पांढरी वाफ अंगावर येते, आणि क्षणभर आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

काही महिन्यांनी अप्पा आले. गंगाक्कांची म्हैस व्याली होती. पिशवीतून त्यांनी डबा काढला. "खरवस हाय. तिनंच जपलेली म्हस. तुमी लई धावपळ केलीसा आमच्यापायी."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, घाई नव्हती, ते माझ्याकडे बघत होते. मी डबा उघडला. गूळ घातलेला, वेलदोड्याचा वास येणारा, मऊ. त्यांच्यासमोर मी तो खाल्ला, आणि छान झालाय म्हणाले.